रग्बी लीगचा ऑनलाइन पास: खुर्च्या मोजणाऱ्या मंडपवाल्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मला रग्बी कळत नव्हती. मी नाशिकच्या पंचवटीतला मंडपवाला. तीस-बत्तीस वर्षं पाइप, कनाती, ताडपत्र्या आणि खुर्च्यांच्या थप्प्या यांतच गेली. लग्न असो, हरिनाम सप्ताह असो, प्रचारसभा असो की कबड्डीची स्पर्धा, खुर्च्या आमच्या. आयोजक माइकवरून ‘पाच हजारांचा जनसमुदाय’ म्हणतो. खरा आकडा रात्री खुर्च्या उचलताना आमच्या पोरांना कळतो, कारण ज्या खुर्चीवर कोणी बसलंच नाही तिच्यावर धूळ तशीच असते.

भाचा इंग्लंडात ब्रॅडफर्डला असतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. ‘मामा, आषाढ लागला की तुमचा धंदा थंड. गणपतीपर्यंत नुसते बसून असता, हे बघत जा.’ आणि त्यानं दोन पास काढून दिले. एक ऑस्ट्रेलियातल्या एनआरएलचा, म्हणजे नॅशनल रग्बी लीगचा, दुसरा इंग्लंडातल्या सुपर लीगचा. पास देणाऱ्यांची नावं मी लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि पैसे भाच्याच्या कार्डातून पौंडात जातात, तेव्हा भांडायचा हक्कही त्याचाच. फुकट मिळालेल्या वस्तूला माणूस जरा जास्तच गुण देतो, तेवढं वाचताना ध्यानात असू द्या.

खेळ समजायला दोन मॅच पुरल्या. रग्बीचे दोन प्रकार आहेत. पंधरा जणांचा ‘युनियन’ आणि हा तेरा जणांचा ‘लीग’. चेंडू घेऊन पळायचं. समोरचे अंगावर येऊन पाडतात. पडलेला उठतो, चेंडू पायानं मागे सरकवतो, की पुन्हा पळापळ. सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा, म्हणून पाचवी झाली की बहुतेक जण लाथ घालून तो लांब पाठवतात. हातानं द्यायचा तर मागेच. रेषेपलीकडे टेकवला की चार गुण, त्यावर किक बसली तर आणखी दोन. आमच्या हिनं पंधरा मिनिटं बघितलं आणि म्हणाली, ‘ही तर चेंडूवाली कबड्डी.’ त्यानंतर घरात कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

वेळेच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचा पास नाशिककरांसाठी उत्तम. आपल्या पावसाळ्यात सिडनीचे रात्रीचे आठ म्हणजे इथे दुपारचे साडेतीन. शुक्रवारी जेवून, थोडं लवंडून, चहाबरोबर मॅच. रविवारची तिकडची चारची मॅच इथे साडेअकराच्या सुमाराला लागते, म्हणजे मिसळ खाऊन घरी येईपर्यंत बरोबर सुरू. इंग्लंडच्या पासाचं उलटं आहे. शुक्रवारची मॅच तिकडे रात्री आठला, म्हणजे आपल्याकडे साडेबारा उलटून. शनिवारची दुपारची तेवढी संध्याकाळी साडेसातला सापडते. चित्र स्वच्छ, रीप्ले भरपूर, कॉमेंट्री इंग्रजी. मी ती बंदच ठेवतो आणि मैदानाचा गलका ऐकायचा प्रयत्न करतो.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून माझी नजर चेंडूवर राहिलीच नाही. मी स्टँड बघत होतो.

कॅमेरा मैदानाच्या एका बाजूला असतो आणि दिसतं समोरचं स्टँड. हुशार आयोजक कॅमेऱ्यासमोरची बाजू आधी भरतो. आम्हीही तेच करतो. आता प्रत्येक कबड्डी स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह जाते, तेव्हा व्हीआयपींचे सोफे कॅमेऱ्याच्या पाठीशी आणि पोरांची गर्दी समोर. पण रग्बीत एक गंमत आहे. कोणी उंच लाथ मारली की कॅमेरा चेंडूमागे वर जातो, आणि वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी दिसून जातात. त्या दोन सेकंदांत मला मॅचचा हिशेब कळतो. एनआरएलच्या काही मोठ्या मैदानांवर एरवीच्या मॅचला असं वरचं भगदाड दिसतं. कॅसलफर्डसारखं इंग्लंडातलं जुनाट, दहा-अकरा हजारांचं मैदान मात्र टीव्हीवर कसं खच्चून दिसतं. पत्रे गंजलेत, लोक उभे आहेत, पण माणसाला माणूस लागलेला आहे. माझ्या धंद्यातलं पहिलं शहाणपण हेच, की हजार खुर्च्यांत पाचशे माणसं म्हणजे पडलेला कार्यक्रम आणि तीनशे खुर्च्यांना पाचशे माणसं म्हणजे गाजलेला कार्यक्रम. माणसं तेवढीच. नव्या आयोजकाला हे पटवताना माझा घसा बसतो, कारण त्याला वाटतं मी आळशी आहे.

भाचा म्हणतो, तिकडे जाहीर होणाऱ्या आकड्यात वर्षभराचं तिकीट घेतलेली माणसं न येताही धरली जातात. म्हटलं, अरे, मग फरक काय आपल्यात आणि त्यांच्यात!

या वर्षभराच्या तिकिटाचं मला फार अप्रूप वाटलं. वर्षभर तीच खुर्ची, शेजारी तोच माणूस. आमच्याकडे सप्ताहात म्हाताऱ्या बायका अशाच दर वर्षी त्याच खांबापाशी बसतात, आणि मी खांब दोन फूट सरकवला तर मला बोलणी खावी लागतात. अशी बोलणी खायला मिळाली की समजावं, गर्दी आपली झाली.

खेळ कुठून आला हे भाच्यानं सांगितलं, तेव्हा बऱ्याच गोष्टी उलगडल्या. १८९५ सालच्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडातल्या क्लबांनी बैठक घेतली आणि मूळ रग्बी संघटनेतून बाहेर पडले. भांडण पैशाचं होतं. खेळणारे गिरणी आणि खाणकामगार. शनिवारी खेळायचं तर कामाचा खाडा, खाडा म्हणजे मजुरी बुडाली. ती बुडालेली मजुरी क्लबनं द्यावी एवढीच मागणी, आणि साहेबलोकांना ती मान्य नव्हती. म्हणून हा खेळ आजही गावागावांचा आहे. विगन, सेंट हेलेन्स, वॉरिंग्टन, ली, वेकफील्ड, कॅसलफर्ड. काही गावं तर एकमेकांपासून नाशिकरोड ते देवळाली कॅम्प एवढ्याच अंतरावर. आडगाव विरुद्ध मखमलाबाद सामना असला तर जी खुन्नस, ती तिकडे दर आठवड्याला.

ब्रॅडफर्डचं ओडसल मैदान म्हणजे आधी खाण आणि मग कचरा टाकायची जागा. भरावाच्या उतारांवर लोक उभे राहायचे. ५ मे १९५४ ला तिथे वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांच्यात चॅलेंज कप या चषक स्पर्धेची फेरलढत झाली आणि अधिकृत आकडा १,०२,५६९! हे ऐकून मी दोन दिवस बेचैन होतो. मंडप नाही, खुर्ची नाही, उतारावर लाखभर माणूस. नाशिककर म्हणून कुंभाची गर्दी पाहिलेली आहे, पण तिकडे स्नान होतं, इथे चेंडू. सगळ्या जगात लीगच्या मॅचला सगळ्यात मोठी गर्दी १९९९ ची आहे, सिडनीच्या ऑलिंपिक स्टेडियमवर, १,०७,९९९. एक माणूस अजून आला असता तर एक लाख आठ हजार झाले असते. त्या एकाला कोणी तरी शोधून काढायला हवं होतं.

आता माझं एक दुखणं सांगतो. काही वर्षांपूर्वी शहरात मोठी कबड्डी स्पर्धा झाली. आयोजकांचं नाव घेत नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूरचे तगडे संघ आणले, टीव्हीवर दिसणारे दोन खेळाडूही आणले. मी लोखंडी पाइपची गॅलरी बांधली, तीन हजार माणसांची. पहिल्या दिवशी आपल्या जिल्ह्याचे सगळे संघ हरले आणि बाद झाले. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीत वारा. अंतिम सामन्याला मोजून चारशे माणसं होती, त्यांतली निम्मी खेळाडूंबरोबर आलेली. आयोजक म्हणाले, ‘नाशिकला खेळाचं वेडच नाही.’ माझं अर्धं बिल आजतागायत येणं आहे.

नाशिकला वेड नाही म्हणणाऱ्यानं रंगपंचमीला जुन्या नाशकात यावं. रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे जुने हौद, उघडल्या की त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारायला किती झुंबड उडते ते बघावं. रहाडीची जाहिरात कोण करतं? कुठली रहाड कुणाच्या मानाची हे पोरासोरांना पाठ असतं, आणि आजोबानं जिथे उडी मारली तिथेच नातू मारतो. गोल्फ क्लबवर, म्हणजे कान्हेरे मैदानावर, २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला. त्याचीही लोकांनी वाट पाहिलेली होतीच, आपला ऋतुराज खेळणार म्हणून.

या दुखण्यावरचं औषध मला बुधवारच्या एका दुपारी ऑस्ट्रेलियाच्या पासावर सापडलं. स्टेट ऑफ ओरिजिन. तिकडच्या दोन राज्यांची लढत, क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स. पूर्वी जो ज्या राज्यात क्लबकडून खेळायचा त्यानं त्याच राज्याकडून उतरायचं असा नियम होता. सिडनीचे क्लब पैसेवाले, क्वीन्सलंडची चांगली पोरं तिकडे जायची आणि मग आपल्याच राज्याला हरवायची. क्वीन्सलंडच्या लोकांनी हळूहळू यायचंच सोडलं. कोण येईल, आपलीच पोरं आपल्याला पाडताना बघायला! मग ८ जुलै १९८० ला ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर नवा नियम वापरून पाहिला. जो ज्या मातीतला, तो त्या मातीकडून. पस्तिशीचा आर्थर बीटसन तोवर न्यू साउथ वेल्सकडून खेळलेला. त्या रात्री तो पहिल्यांदा क्वीन्सलंडचा कप्तान म्हणून उतरला आणि एरवीच्या क्लबमधल्या सोबत्यालाच त्यानं ठोसा लगावला, हा किस्सा तिकडे अजून सांगतात. ३३ हजारांवर माणसं होती, क्वीन्सलंड २०-१० नं जिंकलं. आज वर्षातल्या या तीन मॅचेसना तिकिटासाठी मारामार असते. खेळ तोच, खेळाडूही जवळपास तेच. फक्त ‘हा कुणाचा’ एवढं बदललं.

मॅच संपल्यावर मी कितीतरी वेळ टीव्ही बंद न करता बसून होतो. हिनं विचारलं, कोण हरलं? म्हटलं, आमचे ते आयोजक.

याच्या अगदी उलटी गोष्ट लंडनच्या संघाची. १९८० मध्ये फुलहॅम नावानं, फुटबॉलच्या क्रेव्हन कॉटेज मैदानावर सुरू झाला. पहिल्याच सामन्यात विगनला हरवलं आणि नऊ हजारांवर लोक होते. त्यानंतर मात्र बिऱ्हाड पाठीवर. क्रिस्टल पॅलेस, चिझिक, बार्नेट, चार्ल्टन, ब्रेंटफर्ड, ईलिंग करत आता विम्बल्डनला. नावंही बदलली. ज्या म्हाताऱ्यानं आपला खांब ठरवला होता त्यानं दर दोन-चार वर्षांनी नवा खांब कुठे शोधायचा? आमच्याकडेही एका मंडळानं स्पर्धा तीन वर्षांत तीन मैदानांवर फिरवली. भाडं मला तिन्ही वर्षं मिळालं, प्रेक्षक त्यांना पहिल्याच वर्षी मिळाले.

काही जण बाहेर जाऊनही गर्दी जमवतात, हे खरं. एनआरएलनं २०२४ मध्ये हंगामाची सुरुवात लास व्हेगासला केली, ४०,७४६ लोक आले, पुढच्या वर्षी ४५,२०९. फ्रान्सच्या कॅटलन्स संघानं २०१९ मध्ये विगनबरोबरची मॅच बार्सिलोनाच्या कॅम्प नूवर नेली, ३१,५५५. पण टीव्हीवर व्हेगासचं स्टँड नीट बघा. जिकडेतिकडे आपापल्या क्लबांच्या जर्सी. बरेचसे लोक विमानात बसून आलेले, जत्रेला जावं तसे. ती वर्षातून एकदाची जत्रा झाली. दर शुक्रवारी मैदान भरायला ती कामाची नाही, आणि भरण्याचा खर्चही ज्याला परवडेल त्यालाच परवडेल.

ली नावाच्या लहानशा गावाचं मात्र मला भारी कौतुक. त्यांनी २०२३ च्या हंगामाला संघाचं नाव ‘लेपर्ड्‌स’ ठेवलं, म्हणजे बिबटे. बघता बघता सगळं गाव ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालून मैदानावर. त्याच वर्षी चॅलेंज कप एका गुणानं जिंकले, १७-१६. आजीबाईंच्या डोक्याला ठिपक्यांचा स्कार्फ, कडेवरचं पोर ठिपक्यांच्या झबल्यात. नाशिकला बिबट्या दिसला की अशीच गर्दी होते, पण वन विभागाला ती पांगवावी लागते.

बायका-पोरं येतात याचं आणखी एक कारण कॅमेऱ्यात दिसत नाही, ते भाच्यानं सांगितलं. स्वच्छतागृहं. आमच्या स्पर्धांत आयोजक ट्रॉफीवर हजारो खर्च करतो आणि बायकांसाठी दोन फिरती शौचालयं म्हटली की ‘बघू’ म्हणतो. मग ‘लेडीज गॅलरी’ची पाटी लावतो आणि तिथे पोरं मोबाइल बघत बसतात. ब्रिस्बेनमध्ये तर मॅचच्या तिकिटातच बस-रेल्वेचा प्रवास येतो. आपल्याकडे रात्री दहाला मॅच संपली की सिडकोला जायला रिक्षावाला काय सांगेल ते.

भाचा स्वतः मैदानावर कसा गेला तेही ऐका. ब्रॅडफर्डला आपल्याकडची, जास्त करून पाकिस्तानी मुळांची, वस्ती मोठी. सात-आठ वर्षं हा तिथे राहतोय, पण मैदानाकडे फिरकला नव्हता. तो आपला खेळ नाही, तिथे आपल्याला कोण ओळखतं, असं. लीड्समध्ये जन्मलेला इक्रम बट १९९५ मध्ये इंग्लंडकडून खेळला, तिथपर्यंत पोचलेला दक्षिण आशियाई मुळांचा पहिला माणूस. पुढे आपल्या लोकांना या खेळात आणायचं कामही त्यानं केलं. हे याला माहीतच नव्हतं. एक दिवस नातवाला, म्हणजे याच्या पोराला, शाळेतून तिकीट मिळालं. पोराचं फुकट, आईबापाचं विकत. पोर रडलं, हे दोघं गेले. आत गेल्यावर शाळेतली चार ओळखीची तोंडं दिसली, पुढच्या मॅचला ती म्हणाली तुम्ही येणार ना, आणि झालं. आता तो मला पास देतो आणि वर शिकवतो!

आता पासाच्या तक्रारी. एक, ॲप मधूनच बाहेर फेकतं आणि पुन्हा पासवर्ड मागतं. तो भाच्याच्या ईमेलवर, भाचा झोपलेला. दोन, रेकॉर्डेड मॅच लावायला गेलं की यादीतच स्कोअर छापलेला. मग बघायचं काय? तीन, पावसात आमच्या भागातली वीज आणि इंटरनेट जोडीनं जातात. यात त्यांचा दोष नाही, पण रेटिंगमधला एक तारा मी कमी करतोच. चार, हिंदी कॉमेंट्री नाही. मराठीची तर अपेक्षाच नाही. भाच्यानं तक्रार पाठवली, उत्तर तीन दिवसांनी आलं, त्यात माफी होती आणि उपाय नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या पासाला माझ्याकडून चार तारे, इंग्लंडच्या पासाला तीन. मैदानावरच्या मजेसाठी इंग्लंडला जास्त दिले असते, पण रात्री साडेबाराला तारे मोजण्याचं माझं वय राहिलं नाही.

या फेब्रुवारीत म्हसरूळकडच्या एका लहान मंडळाची कबड्डी होती. पोरं सातशे खुर्च्या मागायला आली. मी म्हटलं, तीनशे देतो, आणि मी सांगेन तसं करा. बाहेरचे संघ चारच, आणि तेही दुसऱ्या दिवशी. पहिली रात्र फक्त गल्ल्यांची, जो ज्या गल्लीत जन्मला त्या गल्लीकडून, मग तो आता कामाला पुण्याला असला तरी. शाळेत जाऊन पोरांना पास वाटा, आईवडिलांना पुढच्या ओळी. दोन फिरती शौचालयं मंडपाच्या मागे, तिथे हॅलोजन. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं, मंडपवाला पिऊन आलाय.

पहिल्याच रात्री साडेआठला खुर्च्या संपल्या. सतरंज्या अंथरल्या, त्याही भरल्या. एका चढाईला कोणी तरी ओरडलं, ‘आमच्या दूधवाल्याला धरलं रे!’ आणि सगळी कनात हलली. माझा पोरगा धावत आला, ‘दादा, टेम्पोत अजून दीडशे आहेत, उतरवू का?’ म्हटलं, थांब. लोक उभे राहू देत. लाइव्ह करणाऱ्या पोराला सांगितलं, कॅमेरा जरा वर उचल, मागचं दिसू दे.

दीडशे खुर्च्या टेम्पोतच राहिल्या, तेवढं माझं भाडं गेलं. बिल मात्र त्या रविवारी रात्रीच पूर्ण मिळालं, रोख.